संशोधकाच्या प्रगतीचें मोजमाप

शाळेंतील मुलाची प्रगति मोजणें सोपें असतें. सहामाही परीक्षा घ्यावी, गुण मांडावे, प्रगतिपुस्तकावर पालकाची सही आणवावी, कीं काम झालें. तेथें जे प्रश्न विचारावयाचे त्यांचीं उत्तरें शिक्षकास आधींच ठाऊक असतात, म्हणून परीक्षक निर्धास्त असतो. विद्यापीठांत पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी आहे. त्यानें अंगावर घेतलेल्या प्रश्नाचें उत्तर त्याला ठाऊक नसतें, त्याच्या मार्गदर्शकास नसतें, आणि प्रगति तपासावयास बसलेल्या समितीसही नसतें. असें असतां दर तीन किंवा सहा महिन्यांनीं त्याला बोलावून 'काम कोठवर आलें?' असें विचारावयाचें, आणि त्याच्या उत्तरावरून त्याची शिष्यवृत्ति चालूं ठेवावी कीं बंद करावी हें ठरवावयाचें, हा मोठा नाजूक व्यवहार होय. आज देशांतील दोन लाखांहून अधिक तरुण या व्यवहारांत गुंतलेले आहेत. सन २०२१-२२ च्या सरकारी पाहणींत पीएच. डी. साठीं नांव नोंदविलेल्यांची संख्या २ लाख १२ हजार इतकी भरली होती. तेव्हां हा विषय चार विद्वानांपुरता राहिलेला नाहीं. पुष्कळ घरांतील मुलें-मुली त्यांत आहेत, आणि त्यांच्या आईबापांस 'अजून किती वर्षें?' हा प्रश्न रोज पडतो.

या व्यवहाराचा आपल्या देशांतील एक जुना दाखला मद्रासचा आहे, आणि तो असा विलक्षण आहे कीं त्यापासूनच आरंभ करणें बरें.

सन १९१२ च्या मार्चपासून मद्रास बंदराच्या पोर्ट ट्रस्टच्या कचेरींत दरमहा तीस रुपयांवर एक कारकून काम करीत होता. त्याचें नांव श्रीनिवास रामानुजन्. कुंभकोणमच्या कॉलेजांत त्याला मिळालेली शिष्यवृत्ति पहिल्याच वर्षीं गेली होती, कारण गणितावांचून दुसऱ्या विषयांकडे त्यानें पाहिलेंच नाहीं. पुढें मद्रासला पच्चय्यप्पा कॉलेजांतून त्यानें एफ. ए. ची परीक्षा दिली. तींतही तो नापास झाला. विद्यापीठाच्या हिशेबीं तो मॅट्रिकच्या पुढें गेलेला नव्हता. त्याच्या वह्यांत मात्र गणिताचे सिद्धान्त दाटीवाटीनें लिहिलेले होते, आणि ते खरे कीं खोटे हें सांगूं शकेल असा मनुष्य मद्रासेंत सांपडत नव्हता. इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रिफिथ नांवाच्या प्राध्यापकांनीं त्यांतील कांहीं भाग लंडनला प्रोफेसर हिल यांजकडे पाठविला. हिल यांचें उत्तर १९१२ च्या अखेरीस आलें. या तरुणास गणिताची आवड व कांहीं बुद्धि आहे, परंतु अनंत श्रेणींच्या बाबतींत तो चुकीच्या वाटेस लागला आहे, त्यानें अमुक एक पुस्तक वाचावें, असा त्याचा आशय होता. आज मागें वळून पाहतां हें मत अगदींच अन्यायाचें होतें असें म्हणतां येत नाहीं. पुरावा देण्याची रीत रामानुजनला खरोखरीच शिकविलेली नव्हती. पण हिल यांनीं पाहिला तो दोष, आणि त्या दोषाच्या मागें दडलेलें सामर्थ्य त्यांच्या नजरेस पडलें नाहीं. परीक्षक प्रामाणिक असूनही निम्मेंच पाहतो, असें पुष्कळदां होतें.

पुढें १६ जानेवारी १९१३ रोजीं रामानुजननें केंब्रिजच्या हार्डी यांस पत्र लिहिलें आणि ८ फेब्रुवारीस हार्डींनीं त्याला उत्तर धाडलें, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याच महिन्यांत वेधशाळांचे मुख्य अधिकारी गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले होते. तेही केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत वाढलेले गणितज्ञ. त्यांनीं रामानुजनचें काम पाहिलें आणि २६ फेब्रुवारीस विद्यापीठाचे रजिस्ट्रार ड्यूसबरी यांस लिहिलें, कीं या तरुणास निदान कांहीं वर्षें तरी पोटाची विवंचना न राहतां गणित करतां येईल अशी व्यवस्था विद्यापीठानें करावी. वॉकर यांनीं आणखी एक गोष्ट मोकळेपणें कबूल केली. ती ही, कीं या कामाची बारीक परीक्षा करण्यास आपण योग्य नाहीं, तें हार्डींसारख्याचें काम आहे. ज्याला आपल्या ज्ञानाची सीमा ठाऊक आहे असा परीक्षक मिळणें हें विद्यार्थ्याचें केवढें भाग्य!

विद्यापीठाच्या गणित-अभ्यासमंडळानें शिफारस केली. अडचण आली ती नियमांची. संशोधनाची शिष्यवृत्ति एम. ए. झालेल्यास द्यावयाची, आणि हा गृहस्थ तर एफ. ए. सुद्धां नाहीं! तेव्हां सिंडिकेटांत असा मुद्दा निघाला कीं विद्यापीठाच्या कायद्याच्या प्रस्तावनेंत संशोधनास उत्तेजन देणें हें विद्यापीठाचें एक कर्तव्यच सांगितलेलें आहे. मग नियमाच्या पोटांत न बसणारा मनुष्य कायद्याच्या हेतूंत बसत असेल तर त्यास घ्यावयास हरकत कोणती? एप्रिल १९१३ मध्यें ठराव झाला. १ मेपासून दोन वर्षें दरमहा ७५ रुपये. पोर्ट ट्रस्टनें त्याला बिनपगारी रजा दिली. अट एकच होती, कीं दर तीन महिन्यांनीं आपल्या कामाचा अहवाल अभ्यासमंडळाकडे पाठवावा.

यांतील दोन्ही अंगें ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. विद्यापीठानें प्रवेशाचा नियम सैल केला, पण जबाबदारी सैल केली नाहीं. पदवी नाहीं तर नसो, परंतु केलेलें काम कागदावर आलें पाहिजे. आणि तसें मागतांना विद्यापीठानें कोणता विषय घ्यावा, किती पानें लिहावीं, कोणत्या व्याख्यानांस बसावें, याविषयीं त्याच्या मागें टुमणें लावलें नाहीं.

पहिला अहवाल ५ ऑगस्ट १९१३ चा आहे. त्यांत रामानुजन आरंभींच सांगतो, कीं या तिमाहींतील काम म्हणजे इंटिग्रल कॅल्क्युलसमधील एका नव्या सिद्धान्ताचें विवेचन आहे. हा सिद्धान्त पुढें त्याचा 'मुख्य सिद्धान्त' म्हणून गणितांत प्रसिद्ध झाला. श्रोत्यांपुढें फळा नाहीं, म्हणून तो शब्दांतच सांगणें भाग आहे. एखादें फल अनंत श्रेणीच्या रूपानें मांडलेलें आहे आणि त्या श्रेणीचे गुणक एका ठराविक नियमानें येत आहेत, असें समजावें. तो नियम १, २, ३ अशा धन संख्यांसाठीं बांधलेला असतो. रामानुजन म्हणतो, त्याच नियमांत ऋण संख्या घाला, योग्य त्या पदानें गुणा, कीं शून्यापासून अनंतापर्यंतच्या एका अवघड इंटिग्रलचें उत्तर आपोआप हातीं येतें. ज्या इंटिग्रलांपुढें नेहमींचे उपाय थकतात, अशीं कित्येक यानें सोडवितां येतात. जिना चढण्यासाठीं बांधलेला असावा आणि त्याच्याच पायऱ्या मोजीत तळघरांत उतरावें, तसला हा प्रकार आहे.

पण या अहवालांत पुरावा कसा आहे? आजच्या कसोटीनें पाहिल्यास तो अपुरा आहे. सिद्धान्त कोणत्या अटींवर खरा आणि कोणत्या अटींवर खोटा, हें त्यांत नीट सांगितलेलें नाहीं. त्या अटी पुढें कित्येक वर्षांनीं हार्डींनीं घालून दिल्या. लेखकासही आपल्या अहवालाचें अपुरेपण ठाऊक होतें. विवेचन पूर्ण नाहीं, पुढचा भाग पुढील अहवालांत येईल, अशा अर्थाचें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे. 'झालें' आणि 'व्हावयाचें आहे' यांच्यामधील रेघ विद्यार्थ्यानें स्वतः ओढणें, याहून प्रगतीच्या अहवालाकडून अधिक काय मागावें?

दुसरा अहवाल ७ नोव्हेंबरला गेला. तिसरा फेब्रुवारीच्या आरंभीं जावयाचा, तो ९ मार्च १९१४ ला, म्हणजे महिनाभर उशिरा गेला. मध्यंतरीं बरेंच घडलें होतें. केंब्रिजचे नेव्हिल व्याख्यानांसाठीं मद्रासला आले होते, रामानुजनच्या वह्या त्यांनीं पाहिल्या होत्या, आणि त्याला विलायतेस न्यावें म्हणून रजिस्ट्रारांस पत्र लिहिलें होतें. विद्यापीठानें वार्षिक २५० पौंड, शिवाय प्रवासाचा व कपड्यालत्त्यांचा खर्च मंजूर केला. १७ मार्चला बोट सुटली. तिसरा अहवाल गेल्यावर जेमतेम आठ दिवस मध्यें गेले! सामानाची बांधाबांध, समुद्रपर्यटनाविषयीं घरच्यांची समजूत, शेंडी काढणें, बूट घालून चालण्याची संवय, या सर्व गडबडींत हा मनुष्य विद्यापीठाचें देणें फेडून गेला.

त्या अहवालांच्या मूळ प्रती पुढें हरवल्या. १९२५ सालीं एकानें हातानें उतरून काढलेली नक्कल हार्डींकडे गेली होती म्हणून त्यांतील मजकूर वांचला, आणि १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांनीं त्याचें सविस्तर विवरण छापलें. विद्यापीठाच्या दप्तरांत दरसाल असे शेंकडों अहवाल येऊन पडतात. त्यांतून शंभरांत एखादा तरी पुन्हां उघडला जात असेल कीं नाहीं, कोण जाणे.

केंब्रिजमध्यें रामानुजनच्या प्रगतीचें मोजमाप करण्याचें काम हार्डींवर आलें. त्यांच्यापुढें कोडें होतें तें असें. आधुनिक गणिताचीं कित्येक प्रकरणें या शिष्यास मुळींच माहीत नव्हतीं. तीं पहिल्यापासून शिकवावीं तर त्याची स्वतःची झेप थांबण्याचें भय, न शिकवावीं तर त्याच्या चुका तशाच राहण्याचें भय. त्यांनीं मधला मार्ग काढला. जेथें अडेल तेथें शिकवावयाचें, एरवीं त्याच्या चालीनें चालूं द्यावयाचें. १९१६ सालीं त्यांनीं मद्रासला त्याच्या कामाचा जो अहवाल पाठविला तो भारतीय गणित-मंडळाच्या नियतकालिकांत छापला गेला. त्याच वर्षीं मार्चमध्यें रामानुजनला केंब्रिजची संशोधनाची बी. ए. मिळाली. एफ. ए. च्या वेळीं ज्यानें त्याला अडविलें तें इंग्रजी त्या पदवीच्या आड आलें नाहीं.

आतां दुसरा दाखला पाहावा. हा मराठी घरांतील आहे आणि त्यांतील परीक्षा वेगळ्या जातीची आहे.

१९३३ सालीं कमला भागवत ही मुलगी मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेंत पहिली आली. हीच पुढें कमला सोहोनी या नांवानें प्रसिद्ध झाली. दुर्गाबाई भागवतांची ती बहीण. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेंत शिकलेले. मुलीनेंही तेथेंच संशोधनासाठीं अर्ज केला. संस्थेचे संचालक त्या वेळीं सर चंद्रशेखर व्यंकट रामन् हे होते. मुलगी स्त्री आहे एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारला गेला. ती बंगळूरला जाऊन उभी राहिली आणि नकाराचें कारण विचारूं लागली. शेवटीं प्रवेश मिळाला, तो अटींवर. पहिलें वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी म्हणून धरावयाचें नाहीं. मार्गदर्शक सांगतील तेव्हां, रात्रीं उशिरापर्यंतही, काम करावें लागेल. आणि तिच्या असण्यानें प्रयोगशाळेंतील वातावरण बिघडतां कामा नये.

पहिल्या दोन अटी कठोर खऱ्या, परंतु त्या कामाविषयीं तरी होत्या. तिसरी अट कामाविषयीं नव्हतीच. वातावरण बिघडलें कीं नाहीं हें मोजावयाचें कोणत्या मापानें? आणि तें बिघडविणारे दुसरेच कोणी असले तर दोष कोणाच्या माथीं? प्रगतीच्या परीक्षेंत असा एखादा मुद्दा शिरला म्हणजे ती परीक्षा विद्यार्थ्याच्या हातीं राहत नाहीं. रामन् यांची योग्यता या प्रसंगानें उणी होत नाहीं, पण प्रसंगही त्यांच्या योग्यतेनें झांकत नाहीं. कमलाबाईंस त्या अपमानाचा विसर कधींच पडला नाहीं. म्हातारपणींही त्यांनीं तो बोलून दाखविला.

वर्षभर तिनें श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं काम केलें. दूध, डाळी व कडधान्यें यांतील प्रथिनें हा तिचा विषय. आपल्या देशांत बहुसंख्य लोकांच्या ताटांत जें पडतें, त्यांत पोषण किती आहे, याचा हा शोध होता. वर्ष संपल्यावर संचालकांनीं तिचें काम पाहिलें, तें त्यांना मान्य करावें लागलें, आणि तिला नियमित प्रवेश मिळाला. पुढें त्या संस्थेचें दार इतर मुलींसही उघडलें. १९३६ सालीं ती एम. एस्‌सी. झाली. नंतर केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजांत राहून तिनें वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेवर काम केलें. बटाट्यावर प्रयोग करीत असतां सायटोक्रोम सी हें द्रव्य वनस्पतींतही असतें असें तिला आढळून आलें. १९३९ सालीं तिला पीएच. डी. मिळाली. प्रबंध सुमारें चाळीस पानांचा होता! आज वजनकांट्यावर तोलावेत असे प्रबंध बांधून आणणाऱ्या विद्यार्थ्यांनीं व ते आणविणाऱ्या मार्गदर्शकांनीं हा आंकडा एकदां तरी मनाशीं घोळवावा. (केंब्रिजविषयींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्त्रियांना त्या विद्यापीठाचें पूर्ण सभासदत्व १९४८ सालापर्यंत मिळत नव्हतें. तेव्हां बंगळूरलाच तेवढी बोटें मोडणें बरें नव्हे.)

आतां आजच्या व्यवस्थेकडे वळावें. विद्यापीठ अनुदान आयोगानें पीएच. डी. चे नियम २००९, २०१६ व २०२२ सालीं केले. २०२२ च्या नियमांप्रमाणें अभ्यासक्रमासह किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत आहे. फेरनोंदणीनें ती दोन वर्षें वाढवितां येते, आणि स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षें मिळूं शकतात. स्त्रियांस प्रसूति व बालसंगोपनासाठीं २४० दिवसांपर्यंत रजा आहे. कमला भागवतांच्या काळच्या तिसऱ्या अटीपासून या रजेपर्यंत पुष्कळ अंतर कापलें गेलें, हें मान्य केलें पाहिजे. प्रत्येक विद्यार्थ्यामागें एक संशोधन-सल्लागार समिति असते. प्रत्येक सत्रांत विद्यार्थ्यानें तिजपुढें उभें राहून आपलें काम सांगावयाचें व लहानसा लेखी अहवाल द्यावयाचा. प्रगति असमाधानकारक वाटल्यास समितीनें कारणें नमूद करावीं व सुधारणेचे उपाय सुचवावे. ते उपाय विद्यार्थ्यानें केले नाहींत तरच, तींही स्पष्ट कारणें देऊन, नोंदणी रद्द करण्याची शिफारस करावी.

कागदावर हा नियम चांगला आहे. 'कारणें नमूद करावीं' या तीन शब्दांतच विद्यार्थ्याचें संरक्षण आहे. परंतु नियमानें कारणें मागितलीं तीं असमाधानासाठीं. समाधानासाठीं मागितलीं नाहींत. म्हणून 'प्रगति समाधानकारक' एवढे दोन शब्द लिहून, खालीं सह्या करून, चहा घेऊन उठणें समितीस सोपें जातें. विद्यार्थ्यासही तें ऐकून बरें वाटतें. पांच वर्षें ओळीनें समाधानकारक असलेली प्रगति सहाव्या वर्षीं एकाएकीं अपुरी ठरते, तेव्हां दोष कोणाचा? सहा महिन्यांमागें समितींतील एकानें तरी 'हा पुरावा पुरत नाहीं' असें लिहिलें असतें, तर त्या विद्यार्थ्याचीं वर्षें वांचलीं असतीं. कडू मत वेळेवर लिहिणारा परीक्षक विद्यार्थ्याचा वैरी नव्हे.

उलट बाजूही आहे. प्रयोग फसला, कागदपत्रांत अपेक्षित पुरावा सांपडला नाहीं, गृहीतक खोटें ठरलें, हें सांगण्यास विद्यार्थी भितो. छापील नमुन्यांत 'या सत्रांत पूर्ण झालेलें काम' असा रकाना असतो; 'या सत्रांत चुकीची ठरलेली वाट' असा रकाना नसतो. मग तो जुनीच माहिती नव्या क्रमानें मांडतो आणि तक्ते वाढवितो. २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्यापूर्वीं एक निबंध मान्य नियतकालिकांत छापलेला असलाच पाहिजे अशी अट होती. हेतु चांगला होता. पण पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें तिच्या आश्रयानें पोसलीं गेलीं. २०२२ च्या नियमांनीं ती सक्ति काढून टाकली. छापलेल्या कागदांची संख्या मोजणें हें मोजमाप सोपें खरें, पण त्यानें मोजलें जाई तें भलतेंच.

शिष्यवृत्तीचा प्रश्न या सर्वांच्या मुळाशीं आहे. आयोगाची कनिष्ठ संशोधन-शिष्यवृत्ति जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. दोन वर्षांनंतर समितीनें काम तपासून समाधान दर्शविल्यास ती वरिष्ठ शिष्यवृत्ति होऊन ४२ हजारांवर जाते. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर समितीच्या एका बैठकीस पांच हजारांची किंमत असते, आणि ती बैठक लांबली तर विद्यार्थ्याची वाढ लांबते. रकमा महिनोन्‌महिने हातीं पडत नाहींत अशा तक्रारी संशोधक विद्यार्थी वारंवार करीत आले आहेत. अहवाल वेळेवर मागणाऱ्यानें पैसेही वेळेवर द्यावे, ही अपेक्षा कांहीं अवास्तव नाहीं. मद्रासच्या त्या कारकुनास पंचाहत्तर रुपये मिळत होते. त्यांत घरखर्च भागून गणितासाठीं अख्खा दिवस मोकळा राहत असे. वॉकर यांनीं रजिस्ट्रारांस लिहिलेल्या पत्रांत मागितलें होतें तें एवढेंच.